चिंध्या इकडे द्या

फोरमन निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं लोटली, पण त्यांना फोरमन म्हणायचं काही कुणी सोडलं नाही. फर्निचरच्या कारखान्यातलं पॉलिश खातं त्यांच्या हाताखाली होतं, आणि तीस वर्षांत त्या खात्यात ठिणगी म्हणून पडली नाही, हे ते इतक्या वेळा सांगत की गल्लीतल्या पोरासोरांनाही ते पाठ झालं होतं. बायको त्यांना एरवी 'अहो' म्हणायची आणि डोक्यात गेले की 'फोरमनसाहेब'. दिवसाकाठी दोन्ही होऊन जायचं.

कारखाना सुटला, पण फोरमन माणसाला हाताखाली काहीतरी लागतंच. बायको हाताखाली येण्यातली नव्हती. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली. मग उरला डेक. घराच्या मागच्या दाराबाहेर, जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर, तिन्ही बाजूंनी कठडा असलेला लाकडी डेक. कारखान्यातल्या नापास फळ्या आणून त्यांनी स्वतःच्या हातांनी उभा केलेला. त्याच्यावर चपला घालून जायचं नाही, कुंडी ठेवायची नाही, ओलं फडकं टाकायचं नाही. बायको त्याला मचाण म्हणायची. "जेवायला येताय, का मचाणावर पाठवून देऊ?" असं ती विचारायची, आणि फोरमन गुडघ्यांवर बसून एखादा स्क्रू आवळत, मान वर न करता 'आलो, आलो' म्हणत राहायचे.

मालकासारखंच त्या डेकचंही वय झालं होतं. उन्हाने फळ्या राखाडी पडायच्या, कडांना भेगा जायच्या, कुठे कुठे खालून ओल धरून लाकूड मऊ व्हायचं. दर वर्षी पाऊस सरून ऊन पक्कं झालं की फोरमन कामाला लागत. कडक ब्रशने घासायचं, मग पॉलिशपेपर मारायचा, कुजका तुकडा कापून नवा सांधायचा, आणि मग स्टेनचा पहिला हात, तो पुरता वाळला की दुसरा हात. स्टेन बाजारातला नाही. जवसाच्या तेलात ते स्वतः रंग कालवत, ब्रशने लावत आणि वरचं जास्तीचं फडक्याने पुसून घेत. "लाकडाला हवं तेवढं पिऊ द्यायचं, उरलेलं काढून घ्यायचं," असं ते म्हणत. हे ऐकायला बहुतेक वेळा समोर कुणी नसायचं.

आता त्या फडक्यांबद्दल सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरूनच झालं. जवसाच्या तेलात भिजलेली चिंधी वाळताना आतून तापते. एकेक सुटी करून तारेवर टांगली तर काही होत नाही. वारा लागतो, ऊब निघून जाते, चिंधी कडक होऊन बसते. पण बोळे करून कुठे कोंडून ठेवल्या, तर ऊब आतल्या आत साठते आणि काही तासांत, काडी न ओढता, चिंध्या आपल्या आपण पेटतात. पॉलिशच्या धंद्यातले कारखाने याच एका चुकीने जळतात. म्हणून पाळी सुटायच्या वेळी फोरमन दारात उभे राहत आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला म्हणत, "चिंध्या इकडे दे." मोजून घेत आणि स्वतः तारेवर टांगत. कुणी कितीही जुना कामगार असो, त्याच्यासमोर हात पुढे झालाच.

एकदा एका पॉलिशवाल्याने घरी जायच्या घाईत बोळा कोपऱ्यात टाकला. फोरमननी त्याच चिंध्या दोरीत ओवल्या, दुसऱ्या दिवशी त्याच्या गळ्यात घातल्या आणि अख्खी पाळी त्याला तसंच काम करायला लावलं. सगळं खातं पोट धरून हसलं. तो माणूसही हसला, असं फोरमन सांगायचे. घरी पाहुणा आला की ही गोष्ट निघायचीच, आणि बायको त्या वेळी बरोबर चहा टाकायला उठायची.

दोन वर्षांपूर्वी या घरात आणखी एक माणूस आलं. बायकोचा धाकटा भाऊ. त्याची बायको गेली, मूलबाळ नव्हतं, एकटा नीट जेवत नाही म्हणून बहीण त्याला हाताला धरून घेऊन आली. हा मेव्हणा जन्मभर बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करत होता, आणि नोकरी संपली तरी त्याच्या घोषणा काही संपल्या नव्हत्या. "कृपया लक्ष द्या. स्वयंपाकघराहून सुटणारा चहा थोड्याच वेळात मागच्या दारी येत आहे," असं तो नाकात बोलून पुकारायचा आणि बहीण हसून हसून पदर तोंडाला लावायची. सिगारेट मात्र त्याला सुटत नव्हती. फोरमन त्याला इंजिन म्हणत. घरात ओढायची बंदी, डेकवर तर नावच काढायचं नाही. डेकच्या पायऱ्या जिथे जमिनीला लागतात तिथे वाळू भरलेला एक डबा ठेवला होता; तिथे उभं राहून ओढायची आणि थोटूक वाळूत खुपसायचं. इंजिन हा नियम बिनतक्रार पाळायचा. फोरमनना तो मनातून आवडायचा, पण ते तसं दाखवतील तर शपथ.

या वर्षी पहिला हात चालू असतानाच साहेबांचा फोन आला. साहेब म्हणजे कारखान्याचे जुने व्यवस्थापक. तेही आता निवृत्त. "इकडेच आलोय फोरमन, जेवायलाच येतो. तुमचा तो प्रसिद्ध डेक एकदा बघू तरी द्या."

फोरमननी उरलेल्या फळ्या भराभर उरकल्या. डेक तेलाने असा खुलला होता की ते स्वतःच दोन वेळा मागे सरून बघत राहिले. आणि मग त्यांची नजर वर गेली. दाराच्या अगदी समोर बायकोची कपडे वाळत घालायची दोरी, आणि तिच्यावर, तिच्याच लाकडी चिमट्यांनी अडकवलेल्या, तपकिरी तेलकट चिंध्यांची रांग. साहेब दारात उभे राहून डेक बघणार, आणि डेकच्या वर ही लक्तरं लोंबणार? फाटकाबाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. फोरमननी दोरी एका हाताने ओरबाडावी तशा सगळ्या चिंध्या चिमट्यांसकट खेचल्या, तेलाचे डबे ज्यातून आणले होते त्या खोक्यात कोंबल्या, खोक्याचं झाकण दाबलं आणि खोकं डेकखाली, पार पलीकडच्या कोपऱ्यात सरकवलं. जेवण झालं की काढू, असं मनाशी म्हणून ते हात धुवायला गेले.

साहेब दारात उभे राहिले आणि मनापासून 'वा' म्हणाले. त्या एका शब्दाने फोरमनच्या अंगावर मूठभर मांस चढलं. जेवायला सगळे आत बसले. पानावर साहेबच म्हणाले, "फोरमन, ती गळ्यातल्या चिंध्यांची गोष्ट सांगा की. तुमच्या तोंडून ऐकून किती वर्षं झाली!" फोरमननी सांगितली. दोरी कशी ओवली, तो कसा बघत राहिला, सगळे कसे हसले, सगळं रंगवून सांगितलं. साहेब हसता हसता खोकायला लागले. मेव्हणा तेवढा हसला नाही.

"भाऊजी," तो म्हणाला, "त्या माणसाने घरी जाऊन काय सांगितलं असेल हो?"

"घरी कशाला सांगेल?" फोरमन म्हणाले. "असल्या गोष्टी कुणी घरी सांगतं का?"

जेवणानंतर मेव्हणा घराला वळसा घालून पायऱ्यांपाशी जाऊन त्याची एक सिगारेट ओढून आला. साहेबांनी थोडा वेळ पाठ टेकली. मग चहा झाला, गप्पा झाल्या. खोक्याचं फोरमनना अगदी विसरायला झालं होतं. सगळे फाटकापाशी साहेबांना निरोप द्यायला उभे असताना शेजारचे मास्तर कुंपणावरून ओरडले, "अहो फोरमन, मागे धूर बघा! मागे!"

आग काही घर गिळण्याइतकी मोठी झाली नाही. मास्तरांनी बागेची नळी कुंपणावरून फेकली, मेव्हण्याने बादल्यांमागून बादल्या ओतल्या, बायकोने स्वयंपाकघरातला गॅस आधी बंद केला. पण ताजं तेल प्यालेलं लाकूड ते. पलीकडचा अर्धा डेक बघता बघता गेला. भिंत काळी झाली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीची काच तडकली. पाणी थांबलं तेव्हा सगळे जण धापा टाकत उभे होते आणि फोरमनच्या ऐन कर्तबगारीतून कोळशाचं पाणी ठिबकत होतं.

पहिली बोलली ती बायको. तिचा जीव अजून थाऱ्यावर नव्हता आणि तोंड मोकळं सुटलं होतं. "तुझी सिगारेट!" ती भावावर ओरडली. "किती वेळा सांगितलं! स्वतःचं घर बसलं, आता माझंही घालवणार होतास का?"

तो भिजलेल्या कपड्यांनी उभा होता. "ताई, मी विझवली होती गं," तो म्हणाला. मग थांबला. "म्हणजे, विझवली असणार. मी वाळूत... नक्की आठवत नाही."

फोरमननी तोवर आग कुठून आली ते बघितलं होतं. हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. फळ्या खालच्या अंगाने जास्त जळल्या होत्या, आणि सगळ्यात खोल जळालं होतं ते पायऱ्यांपासून लांब, पलीकडच्या कोपऱ्यात. ते वाकले. खोकं नव्हतंच. ओल्या राखेत बारीक तारा पडल्या होत्या, वळलेल्या, काळ्या पडलेल्या. लाकडी चिमट्याचं लाकूड जळून जातं, मधली तार राहते. फोरमननी तोंड उघडलं.

आणि मागून साहेबांचा आवाज आला. "काय दैव बघा! तीस वर्षं या माणसाच्या हाताखाली ठिणगी पडली नाही, आणि घरच्यांच्या सिगारेटने घात केला." त्यांनी फोरमनच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्यासारखा काटेकोर माणूस मी दुसरा पाहिला नाही, फोरमन."

फोरमननी तोंड मिटलं. खिळे गोळा करतोय असं दाखवत त्यांनी त्या तारा एकेक करून उचलल्या आणि खिशात टाकल्या. तारा अजून कोमट होत्या. उद्या सांगू, असं त्यांनी मनाशी म्हटलं, आणि मांडीला ती ऊब लागत असताना साहेबांना फाटकापर्यंत पोचवून आले.

उद्या काही सांगणं झालं नाही. परवाही नाही. माणूस पहिल्या दिवशी खोटं बोलत नाही, फक्त गप्प बसतो. आणि मग रोज सकाळी उठून त्याला ते गप्प बसणं पुन्हा नव्याने करावं लागतं. फोरमननी तारा स्क्रूंच्या पत्र्याच्या डब्यात तळाशी घातल्या आणि वर स्क्रू ओतले.

मेव्हण्याने सिगारेट सोडली. सोडतो म्हणाला नाही, कुणाला शपथ घातली नाही; वाळूचा डबा उचलून कुंपणापाशी रिकामा केला आणि धुऊन परत दिला. त्याबरोबर त्याच्या घोषणाही बंद झाल्या. चहा झाला की तो स्वतः उठून कप आणायचा, विसळून ठेवायचा, आणि घरात असा वावरायचा की जणू पाहुणा राहून राहून नकोसा झालाय आणि ते त्याला कळलंय. फोरमन डेक दुरुस्त करायला बसले की तो न बोलावता येऊन बसायचा. जळक्या फळ्या त्याने काढल्या, काळी भिंत त्याने घासली, नव्या फळ्या खांद्यावरून आणल्या. हात सोलवटले तरी पट्टी लावून परत हजर. फोरमन एखादी फळी धरायला गेले तर म्हणायचा, "राहू द्या भाऊजी, मी करतो. माझ्यामुळेच तर झालंय." आणि हे ऐकताना फोरमनना आपली मान कुठे ठेवावी ते कळायचं नाही. जन्मात त्यांना कुणापुढे लाज वाटली नव्हती, निदान त्यांच्या आठवणीत तरी नाही. आता ती जेवताना वाटायची, दाढी करताना आरशात वाटायची, आणि मेव्हण्याच्या पट्टी लावलेल्या हातांकडे बघताना तर जीव नकोसा करायची.

त्यात बायकोचे चिमटे. "अहो, माझे चिमटे कुठे गेले? चांगले लाकडी होते. आता हे प्लास्टिकचे, उन्हात तुटतात." हे ती कपडे वाळत घालताना दर खेपेला म्हणायची. एकदा भावालाच म्हणाली, "तूच कुठेतरी ठेवले असशील, तुझं लक्ष कुठे असतं हल्ली!" मेव्हणा घरभर चिमटे शोधत फिरला. कपाटाखाली वाकून बघितलं, माळ्यावर चढून बघितलं. फोरमन वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले होते.

डेक जवळजवळ उभा राहिला तेव्हा एका दुपारी मेव्हणा सहज बोलावं तसं बोलला. "भाऊजी, मी एक खोली बघितलीये. बसस्थानकाच्या मागे. दुसरा हात झाला की जाईन म्हणतो."

"का रे?" फोरमन म्हणाले.

"ताईचं घर आहे. झोपेत सुद्धा मला तो धूर दिसतो. आणखी कधी काही हातून झालं तर? मी मोडलेला माणूस आहे भाऊजी, कुठे काय टाकतो माझं मलाच आठवत नाही."

बायकोला हे कळलं तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून बराच वेळ भांडी घासत राहिली. थांब म्हणायला तिला आपलेच शब्द आड येत होते, आणि त्याला राहतो म्हणायला तेच शब्द.

आता गंमत बघा. जो माणूस कामात चालढकल करणाऱ्याला उभा सोलून काढायचा, तो स्वतः चालढकल करू लागला. घासलेल्या फळ्या फोरमननी पुन्हा घासल्या. पक्के स्क्रू काढून पुन्हा बसवले. पहिला हात दिल्यावर 'अजून ओला आहे, अजून ओला आहे' म्हणून ते रोज बोट लावून बघायचे, आणि फळी कोरडी ठणठणीत असायची. दुसरा हात झाला की इंजिन जाणार होतं. बायको मुकाट झाली होती. फोरमनना माहीत होतं की एका वाक्याचं काम आहे, आणि ते वाक्य घशापर्यंत येऊन साहेबांच्या त्या खांद्यावरच्या हातापाशी अडतंय.

शेवटी एका सकाळी चहाच्या वेळी त्यांनी ते ढकललंच. "आग सिगारेटने लागली नाही," ते म्हणाले. "माझ्या चिंध्यांनी लागली. मी बोळा करून खोक्यात कोंबल्या होत्या."

बायकोने त्यांच्याकडे बघितलं, आणि तिचे डोळे एकदम भरून आले. "किती हो मोठं मन तुमचं!" ती म्हणाली. "त्याने राहावं म्हणून स्वतःवर घेताय. मी काय ओळखत नाही तुम्हाला? तुम्ही आणि चिंध्यांचा बोळा! मागे मी भांड्याचं ओलं फडकं चुरगळून ठेवलं तरी अर्धा तास बोलला होतात."

मेव्हण्यानेही मान हलवली. "भाऊजी, माझ्यासाठी एवढं केलंत ते विसरणार नाही. पण मला फसवू नका. तुम्ही कितीही झाकलंत तरी माझं मला ठाऊक आहे." आणि तो उठून फोरमनच्या पाया पडला.

फोरमन बसून राहिले. खरं सांगायचं तर, आणि इथे खरंच सांगायला हवं, त्या क्षणी त्यांना हलकं वाटलं. सांगून झालं होतं. कुणी विश्वास ठेवला नाही यात त्यांचा काय दोष? सत्य बोलल्याचंही पदरात पडलं आणि वर मोठ्या मनाचा माणूस म्हणून नावही झालं. दुपारी बायकोने त्यांना जास्तीची झोप घेऊ दिली. मास्तर कुंपणावरून म्हणाले, "वहिनींकडून कळलं, फोरमन. असा मेव्हण्याचा भाऊजी शोधून सापडायचा नाही." फोरमन हसले. हसल्यावर त्यांना त्या गळ्यात चिंध्या घातलेल्या माणसाचं हसणं आठवलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच असं वाटलं की तो तेव्हा हसलाच नसेल. त्यांना स्वतःची किळस आली.

संध्याकाळी मेव्हणा आपले कपडे घडी करून पिशवीत भरत होता. फोरमन स्क्रूंचा डबा घेऊन आले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी डबा पालथा केला. स्क्रू खळखळ पसरले, काही जमिनीवर गेले. त्यांनी बोटाने स्क्रू बाजूला सारले आणि काळ्या पडलेल्या तारा वेगळ्या काढून बायकोसमोर ठेवल्या.

बायकोने एक तार उचलली. वळण बघितलं. कपडे वाळत घालण्यात तिचा जन्म गेला होता; तिला काही सांगावं लागलं नाही. "हे माझे चिमटे आहेत," ती म्हणाली.

"साहेब येणार म्हणून दोरीवरून चिंध्या ओढल्या," फोरमन म्हणाले. "चिमट्यांसकट खोक्यात घातल्या. समोर लोंबत होत्या, बरं दिसत नव्हतं."

मेव्हणा दारात येऊन उभा होता. हातात घडी केलेला सदरा. "या तारा कधी सापडल्या?" त्याने विचारलं. आवाज अगदी साधा.

"त्याच दिवशी. पाणी मारून झाल्यावर."

"म्हणजे ताई मला बोलत होती तेव्हा?"

"हो."

"साहेब गेले नव्हते तेव्हा."

"नाही. मागेच उभे होते."

मेव्हण्याने मान डोलावली, एखाद्या गाडीची वेळ कळल्यावर डोलवावी तशी. बायको खुर्चीत बसली. "मी त्याला काय काय बोलले," ती म्हणाली. "त्याचं घर बसलं असं बोलले मी. भावाला. आणि तुम्ही तिथे उभे होतात. खिशात हे घेऊन." तिने फोरमनकडे बघितलं नाही. "चिमटे शोधायला मी त्याला माळ्यावर चढवलं."

फोरमननी हात जोडले. मेव्हण्यापुढे, बायकोपुढे, दोघांपुढे. "माझं चुकलं," ते म्हणाले. "आगीचं चुकलं ते चुकलं. पण पुढचं सगळं मी जाणूनबुजून केलं. मला लाज वाटते." आपल्याला रडायचा हक्क आहे असं त्यांना कुणाच्या चेहऱ्यावर दिसलं नाही, म्हणून ते रडले नाहीत.

मेव्हणा बराच वेळ सदऱ्याची घडी नीट करत राहिला. मग म्हणाला, "साहेबांना फोन करा."

"आत्ता?"

"आत्ता. माझ्यासमोर."

फोरमनना वाटलं, हे सोडून काहीही सांग. पाया पडायला सांग, गल्लीत उभं राहून ओरडायला सांग. पण त्यांनी फोन लावला आणि उभ्यानेच, एका दमात, सगळं सांगितलं. पलीकडे साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते फार मायेने बोलले. "जाऊ द्या हो फोरमन. वय झालं आता आपलं. व्हायचंच असं. मनाला लावून घेऊ नका." आणि लगेच, लहान मुलाला विचारावं तसं, "घरी कुणी असतं ना तुमच्याजवळ? कामाच्या वेळी?"

"असतं," फोरमन म्हणाले, आणि फोन ठेवला. काटेकोर फोरमन त्या एका फोनमध्ये संपले. साहेब रागावले असते तर बरं झालं असतं.

मेव्हण्याने पिशवी रिकामी केली. "खोलीवाल्याला नाही म्हणून कळवतो," तो म्हणाला. "ताईसाठी राहतोय. तुमच्यासाठी नाही." मग तो चपला घालून बाहेर गेला, कोपऱ्यावरच्या दुकानातून एक सिगारेट घेऊन आला आणि डेकच्या पायऱ्यांपाशी उभा राहून ती शेवटपर्यंत ओढली. बायकोने कपाटातून तो धुतलेला डबा काढला, बागेतली माती त्यात भरली आणि त्याच्या पायाशी नेऊन ठेवला. फोरमन आत खाली वाकून स्क्रू वेचत होते.

दुसरा हात त्यांनी दुसऱ्या दिवशी मारला, दोघांनी मिळून. फोरमन ब्रशने लावत, कडेचा ओघळ चिंधीने टिपत पुढे सरकायचे, मेव्हणा मागून फडक्याने पुसायचा. बोलणं कामापुरतं. नव्या फळ्या जुन्यांपेक्षा उजळ दिसत होत्या. एक दोन वर्षं तरी त्या तशाच दिसणार, कुणीही बघितलं तरी कुठवर जळालं होतं ते कळणार. फोरमननी आधी विचार केला होता की नव्यांना थोडा गडद स्टेन देऊन फरक झाकता येईल. तो त्यांनी दिला नाही.

ऊन उतरता उतरता शेवटची फळी झाली. फोरमननी ब्रश डब्यावर आडवा ठेवला, गुडघ्यांवर हात देऊन उभे राहिले आणि सवयीने चिंध्या गोळा करायला वाकले. मेव्हणा दारात उभा होता. त्याने हात पुढे केला.

"चिंध्या इकडे द्या, भाऊजी."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर फोरमन काही बोलू शकले असते. त्यांनी मान खाली घालून हातातल्या सगळ्या चिंध्या त्याच्या हातावर ठेवल्या. मेव्हण्याने बहिणीच्या दोरीवर एकेक चिंधी उलगडून, सुरकुती मोडून, प्लास्टिकच्या चिमट्याने अडकवली. दोन चिंध्यांमध्ये वारा जाईल एवढं अंतर ठेवलं. बायको खिडकीच्या नव्या काचेतून बघत होती. सगळ्या टांगून झाल्यावर त्याने रांग एकदा मोजली आणि परत हात पुढे केला.

"एक राहिली," तो म्हणाला.

"नाही रे, सगळ्या दिल्या."

"बघा खिशात."

फोरमननी मागच्या खिशात हात घातला. बोळा तिथेच होता, आणि तो कोमट लागत होता.